डोळ्याला लागलं तर लाली नव्हे, नजर बघा

डोळ्याला लागलेली दोन माणसं शेजारी शेजारी बसली आहेत असं समजू. पहिल्याच्या डोळ्याचा पांढरा भाग लालभडक झालाय, बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा इतका. दुसऱ्याचा डोळा जवळजवळ नेहमीसारखाच आहे. छिन्नीवर हातोडा मारताना काहीतरी बारीक उडालं, क्षणभर टोचलं, आता थोडं पाणी येतंय आणि जरा धूसर वाटतंय, एवढंच तो सांगतो. धावपळ सगळी पहिल्यासाठी होईल. पण पहिल्याच्या डोळ्यात कदाचित वरच्या पातळ आवरणातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली असेल, आणि नजर शाबूत असेल तर ते रक्त दोनेक आठवड्यांत आपोआप जिरून जातं. दुसऱ्याच्या डोळ्यात मात्र लोखंडाचा कण कॉर्निया आणि भिंग भेदून थेट मागच्या पडद्यावर जाऊन बसलेला असू शकतो.

रक्त, सूज आणि वेदना यांच्यावरून डोळ्याची दुखापत किती मोठी आहे ते ठरवता येत नाही. याचं कारण डोळ्याच्या रचनेतच आहे. पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. पण शरीरात संवेदना वाहून नेणारे तंतू जिथे सर्वांत दाट आहेत, अशा जागांपैकी ती एक. तिच्यावर साधा ओरखडा उठला तरी माणसाला डोळा उघडवत नाही, आणि तो ओरखडा बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत भरूनही येतो. उलट ज्याच्यामुळे आपल्याला दिसतं त्या मागच्या पडद्याला, रेटिनाला, वेदना कळतच नाही. तो फाटला, सुटला, भाजला, तरी दुखत नाही.

मग ओळखायचं कशावरून? लागलं कसं, दिसतं किती आणि उजेड टाकल्यावर बाहुली काय करते, यावरून. बाकीच्या खुणा त्यांच्या मागून येतात.

रसायन गेलं असेल तर आधी पाणी

एका प्रसंगात मात्र काही विचारायचं नाही, काही तपासायचं नाही. डोळ्यात चुना, सिमेंट, अमोनिया, तुंबलेली मोरी मोकळी करायचं द्रावण, बॅटरीतलं ॲसिड असं काहीही गेलं असेल तर पहिलं काम डोळा धुणं. नजर नंतर तपासता येईल. इथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं.

ॲसिडची धास्ती सगळ्यांनाच असते. अल्कलीची, म्हणजे चुना, सिमेंट, अमोनिया यांची, नसते, आणि डोळ्याच्या दृष्टीने अल्कली जास्त घातक. ॲसिडने कॉर्नियाच्या वरच्या थरातली प्रथिनं गोठतात, आणि त्या गोठलेल्या थरामुळेच ॲसिडला आणखी आत शिरायला अडथळा होतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड तेवढं याला अपवाद. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण करत पुढे सरकते आणि काही मिनिटांत डोळ्याच्या आतल्या पाण्यापर्यंत पोचते. वरून धुऊन काढल्यावरही आत गेलेली अल्कली तिचं काम करतच राहते. म्हणून चुना आणि सिमेंट ही 'साधी' वाटणारी रसायनं मला फार भीतीदायक वाटतात. शिवाय त्यांचे कण पापणीखाली अडकून राहतात आणि तिथून सतत झिरपत राहतात.

पाणी स्वच्छ असलं की झालं, नळाचं चालतं. सलाइन शोधत बसू नये. डोकं दुखापत झालेल्या बाजूला कलतं करा, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. खरी अडचण पुढे येते. वेदनेने माणूस डोळा इतका घट्ट मिटून घेतो की पाणी नुसतं पापण्यांवरून वाहून जातं. दुसऱ्या कुणीतरी पापण्या बोटांनी उघड्या धराव्या लागतात, आणि त्याला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगत राहावं लागतं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा, नाहीतर धुणं चालू ठेवा. हे किमान २० ते ३० मिनिटं. अल्कलीवर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर टाकायचा मोह कुणाला झालाच तर हात धरून थांबवा. त्या दोघांच्या संयोगातून उष्णता निर्माण होते आणि डोळा आणखी भाजतो.

दवाखान्यात लिटमसची पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवून पीएच बघतात. तो ७ ते ७.४ च्या आसपास आला की धुणं थांबवतात, पाच-दहा मिनिटं जाऊ देतात आणि पुन्हा बघतात. पुन्हा चढला असेल तर कुठेतरी कण शिल्लक आहे असं समजून वरची पापणी उलटून शोधतात. आणि इथेही लाली फसवते. रसायनाने भाजलेला डोळा लाल न दिसता पांढराफटक दिसत असेल तर ती वाईट खूण. कॉर्नियाच्या कडेच्या रक्तवाहिन्या जळून गेल्या आहेत असा तिचा अर्थ. कॉर्नियाला नवी कातडी पुरवणाऱ्या मूळ पेशी त्याच कडेला असतात.

लागलं कसं?

रसायनाचा प्रसंग सोडला, तर सुरुवात प्रश्नांनी. वस्तू मोठी होती की बारीक, बोथट की टोकदार, हळू आली की वेगाने, धातूची की लाकडाची, आणि किती वाजता लागलं?

आकार का विचारायचा, ते बघा. डोळ्याच्या खोबणीचं तोंड साधारण ४ सेंटिमीटर रुंद असतं. त्याहून मोठी वस्तू, म्हणजे मूठ किंवा फुटबॉल, आधी भुवईच्या आणि गालाच्या हाडावर आदळते आणि हाडं बराचसा मार झेलतात. स्क्वॉशचा चेंडू जवळपास बरोबर ४ सेंटिमीटरचा असतो, बॅडमिंटनच्या शटलचं बूच त्याहून लहान. ही सरळ डोळ्यावरच येतात. वस्तू हलकी होती म्हणूनही निश्चिंत होऊ नये. ९ जुलै २०१२ रोजी इंग्लंडमध्ये टाँटनला, दौऱ्यातल्या एका सामन्यात, यष्टींवरची बेल उडून दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचरच्या डाव्या डोळ्याला लागली. डोळा फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. बेल म्हणजे लाकडाचा बोटभर तुकडा.

'धातूवर धातू आपटला' हे उत्तर आलं तर बाकी सगळं बाजूला. हातोडा आणि छिन्नी, ग्राइंडर, गवत कापायचं यंत्र, यांतून उडणारा कण इतका वेगवान असतो की तो शिरतो ते भोक डोळ्यांना दिसतही नाही. अशा माणसाच्या डोळ्यात कण आहे असंच धरून चालायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत.

पुढचे प्रश्न झटपट उरकता येतात. तो डोळा आधीपासून अधू होता का? मोतीबिंदूची किंवा चष्म्याचा नंबर घालवायची शस्त्रक्रिया झाली आहे का? (जुनी जखम नव्या माराला आधी फाटते.) रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं? शेवटचं खाल्लं कधी? हा शेवटचा प्रश्न भूल द्यावी लागली तर उपयोगी पडतो.

सांगणारा सगळं खरं सांगेल असंही नाही. खेळताना झालेलं मुलं लपवतात. मारहाण झालेला माणूस 'दारावर आपटलो' म्हणतो. सांगितलेली हकिगत आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसत नसेल, विशेषतः लहान मुलाच्या बाबतीत, तर तिथे डोळ्याच्या पलीकडेही काळजी करायला हवी.

एकेक डोळा झाकून

'दिसतंय ना?' असं विचारलं की 'हो' असंच उत्तर येतं, कारण दुसरा डोळा चांगला असतो आणि दोन्ही उघडे असताना तो सगळं सांभाळून घेतो. एका डोळ्याने दिसेनासं झालेलं तासन्‌तास लक्षातच येत नाही. म्हणून एक डोळा तळहाताने झाका. बोटांनी नको, फटीतून दिसतं. आणि दाबून तर मुळीच नको. आधी चांगला डोळा तपासा, म्हणजे माणसाला काय करायचंय ते कळतं, मग दुखावलेला.

चष्मा असेल तर घालूनच. चष्मा फुटला असेल तर जाड कागदाला पिनने भोक पाडा आणि त्यातून बघायला सांगा. भोकातून स्पष्ट दिसलं तर धूसरपणा बहुधा नंबरचा होता, दुखापतीचा नव्हे. तक्ता नसेल तर छापील मजकूर धरा. अक्षरं वाचता येत नसतील तर बोटं मोजायला सांगा आणि किती अंतरावरून मोजली ते टिपून ठेवा. तेही जमलं नाही तर हात हलतोय हे कळतं का, आणि तेही नाही तर टॉर्चचा उजेड कळतो का, कुठल्या बाजूने येतोय ते सांगता येतं का. या उतरंडीतली कोणती पायरी गाठली ते वेळेसकट कागदावर लिहा. पापण्या सुजून मिटल्या असतील तर जोर लावून उघडू नका. मिटलेल्या पापणीवरही टॉर्च धरून उजेड कळतो का एवढं विचारता येतं.

या एका नोंदीला नेत्रतज्ज्ञ फार मोल देतात. २००२ साली फेरेन्क कुन आणि सहकाऱ्यांनी गंभीर दुखापतीनंतर नजर कितपत परत येईल याचा अंदाज बांधायची गुणपद्धत मांडली. तिच्यात पहिल्या तपासणीतल्या नजरेला सर्वांत जास्त वजन आहे. ६/१२ (म्हणजे चांगल्या नजरेला जे १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसत असेल तर १०० गुण, उजेडही कळत नसेल तर ६०. मग त्यातून वजाबाकी: बोथट माराने डोळा फुटला असेल तर २३, आत जंतूंचा संसर्ग झाला असेल तर १७, वस्तू आरपार गेली असेल तर १४, पडदा सुटला असेल तर ११ आणि बाहुली उजेडाला नीट दाद देत नसेल तर १०. उरलेले गुण जितके जास्त, तितकी आशा जास्त. पण गुण कमी आले म्हणून कुणाला 'डोळा गेला' असं सांगून टाकू नये. पहिल्या दिवशी उजेडही न कळणाऱ्या काही डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर थोडी नजर परत आलेली आहे.

फुटलेला डोळा

तज्ज्ञाच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो तो डोळ्याची भिंत शाबूत आहे की आरपार फाटली आहे, हा. पूर्वी यासाठी प्रत्येकजण वेगवेगळे शब्द वापरायचा आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला भलतंच कळायचं. १९९६ मध्ये बर्मिंगहॅम वर्गवारी आली आणि बोली एक झाली. भिंत शाबूत तर 'बंद' दुखापत, आरपार फाटली तर 'उघडी'. उघड्या दुखापतीत बोथट माराने डोळा आतल्या दाबाने फुटतो तो प्रकार वेगळा, टोकदार वस्तूने चिरतो तो वेगळा. चिरलेल्यातही वस्तू आत जाऊन बाहेर आली, आतच राहिली, की एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाली, हे वेगवेगळं धरतात.

घरी किंवा प्रथमोपचार करणाऱ्याला एवढ्या बारकाव्याची गरज नाही. डोळा फुटला असावा अशी शंका येणं एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे. त्यासाठी टॉर्च घ्या, हात न लावता बघा. बाहुली गोल न दिसता एका बाजूला ओढली जाऊन टोकेरी झाली असेल, तर ते टोक जखमेकडे बोट दाखवत असतं. आतलं बुबुळ, म्हणजे बाहुलीभोवतीची रंगीत चकती, फाटलेल्या जागेतून बाहेर डोकावून भोक बुजवते, आणि ती ताणली गेल्यामुळे बाहुलीला टोक येतं. डोकावलेला तो भाग बाहेरून काळपट ठिपका दिसतो, हुबेहूब कचऱ्याच्या कणासारखा. कापसाच्या बोळ्याने तो काढायला जाणं म्हणजे माणसाच्या डोळ्याचा आतला भाग ओढणं. पांढऱ्या-रंगीत भागाच्या सीमेवर न हलणारा काळा ठिपका दिसला की हात मागे घ्या.

आणखी खुणा आहेत. सबंध पांढऱ्या भागावर चहूबाजूंनी फुगलेलं रक्त, बुबुळापुढची पाण्याची जागा दुसऱ्या डोळ्यापेक्षा उथळ किंवा खोल दिसणं, डोळा पिचका दिसणं. पण पिचका आहे का हे दाबून बघायचं नाही. दाबलं की आतला जेलीसारखा द्रव आणि त्याच्याबरोबर पडदा जखमेतून बाहेर येऊ शकतो. गेलेलं परत आत ठेवता येत नाही.

जखम बारीक असेल आणि खात्री होत नसेल तर डॉक्टर एक सुरेख चाचणी करतात. फ्लुरोसीनचा नारिंगी रंग कॉर्नियावर गडद लावायचा आणि निळ्या उजेडात स्थिर बघत राहायचं. आतलं पाणी पाझरत असेल तर ते रंग पातळ करतं आणि गडद थरातून एक चमकती हिरवी धार हळूहळू खाली उतरताना दिसते. सायडेल चाचणी तिचं नाव. डोळा उघडउघड फुटलेला असेल तेव्हा ती करतही नाहीत, गरजच नसते.

शंका आली की डोळ्यावर काहीतरी कडक झाकण हवं, ज्याचा भार भुवईच्या आणि गालाच्या हाडावर येईल आणि डोळ्याला काहीही टेकणार नाही. दवाखान्यातली कवची नसेल तर कागदी पेल्याचा बुडाचा भाग कापून चिकटपट्टीने लावला तरी चालतो. कापसाची पट्टी नको, ती दाबते. थेंब नको, मलम नको, धुणं नको. वस्तू रुतलेली असेल तर ती तशीच राहू द्या. काढायची जागा शस्त्रक्रियागृह. माणसाला डोकं उंच ठेवून टेकवा, वाकू देऊ नका, काही खायला-प्यायला देऊ नका. उलटी झाली की डोळ्यातला दाब एकदम चढतो, म्हणून मळमळ थांबवायचं औषध डॉक्टर आधीच देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकं, सीटी स्कॅन हे त्यांचं काम, आणि टाके शक्यतो २४ तासांच्या आत, कारण त्यानंतर आत संसर्गाचा धोका वाढत जातो.

बाहुलीची साक्ष

डोळा बाहेरून ठीक दिसतो, नजर मात्र गेली, असं का झालं हे सांगायला बाहुली उपयोगी पडते. खोलीत उजेड कमी करा, माणसाला लांब बघायला सांगा आणि टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर, अशी दोन-तीन सेकंद थांबत फिरवा. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात, कारण मेंदूचा हुकूम दोघींना मिळून असतो. टॉर्च दुखावलेल्या डोळ्यावर आल्यावर बाहुल्या आकसायच्या ऐवजी मोठ्या होऊ लागल्या, तर त्या डोळ्याकडून मेंदूपर्यंत उजेडाची बातमी नीट पोचत नाहीये. म्हणजे नेत्रमज्जा (डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस) किंवा पडद्याचा मोठा भाग जायबंदी आहे. भुवईच्या बाहेरच्या टोकावर जोराचा मार बसला की डोळ्याला ओरखडाही न उठता नेत्रमज्जेला अशी इजा होऊ शकते.

मारामुळे बुबुळाचा स्नायूच लुळा पडला असेल तर ती बाहुली मोठी होऊन स्थिरच राहते. तेव्हा लक्ष दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या बाहुलीवर ठेवायचं. दोघींना हुकूम एकच असल्यामुळे ती दोन्ही डोळ्यांची साक्ष देते. मात्र डोक्याला मार आहे, माणूस गुंगीत जातोय आणि एक बाहुली मोठी झाली, तर तो मेंदूचा प्रश्न समजा आणि डोळ्याची तपासणी सोडून त्याला ताबडतोब हलवा.

बोथट मार

चेंडू, कोपर, बूच असं काही आदळलं की डोळा क्षणभर समोरून चपटा होतो आणि कडेने फुगतो. त्या ताणात बुबुळाच्या बुडाशी रक्तवाहिनी फाटली तर रक्त पुढच्या पाण्यात उतरतं. याला हायफिमा म्हणतात. माणूस आडवा असेल तर ते पाण्यात मिसळलेलं असतं आणि नुसता गढूळपणा दिसतो. त्याला थोडा वेळ बसवून ठेवा, बुबुळाच्या खालच्या भागापुढे लाल रेघ साचते, तिची वरची कड सरळ आडवी. रक्त किती उंचीपर्यंत आहे ते डॉक्टर मिलिमीटरमध्ये मोजतात. डोकं उंच ठेवून विश्रांती, डोळ्यावर कवची, आणि दुखलं तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही, कारण पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो. सिकल सेलचा आजार असणाऱ्यांत थोडं रक्तही आतला दाब धोकादायक चढवतं, म्हणून ती माहिती आपणहून सांगावी.

याच मारात भिंग जागचं हलू शकतं, पुढे मोतीबिंदू होतो, पडद्याला फाट पडू शकते. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, कडेला विजा चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूने काळी सावली सरकत आली, तर पडदा सुटत असावा. हे माराच्या दिवशीच होईल असं नाही, काही आठवड्यांनी, महिन्यांनीही होतं.

खोबणीची हाडं

डोळ्याखालचं हाड अंड्याच्या कवचाइतकं नाजूक असतं. मार बसला की ते खाली गालाच्या पोकळीत फुटतं. वर बघताना दोन दोन दिसणं, गाल आणि वरचा ओठ बधिर होणं, काही दिवसांनी डोळा आत गेलेला वाटणं, या त्याच्या खुणा. नाक शिंकरायचं नाही, हवा त्या भेगेतून खोबणीत शिरते.

मुलांमध्ये हाड लवचीक असतं. ते तुटून पडत नाही, झडपेसारखं उघडतं आणि मिटताना डोळ्याचा स्नायू चिमटीत धरतं. बाहेर सूज नाही, काळं-निळं नाही, डोळा पांढरा स्वच्छ. मूल मात्र उलट्या करतं, मलूल पडतं, नाडी मंद होते, वर बघायला सांगितलं की कळवळतं. उलट्यांमुळे सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या माराकडे जातं आणि अडकलेला स्नायू तासागणिक खराब होत जातो. त्याला एक-दोन दिवसांत सोडवावं लागतं. मार लागलेल्या प्रत्येक मुलाला चारही दिशांना बघायला सांगा, एवढं केलं तरी ही दुखापत निसटत नाही.

खोबणीतला एक प्रकार मात्र दीड-दोन तासांत नजर नेतो. डोळ्यामागे रक्त साचलं की त्याला पसरायला जागा नसते. डोळा पुढे ढकलला जातो, पापण्या ताठ होतात, हलवता येत नाही, आणि दाबाखाली पडद्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. असं किती वेळ चालेल? दीड-दोन तास, फार नाही. इथे स्कॅनची वाट न बघता पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर लहानसा छेद देऊन दाब मोकळा करतात. आपत्कालीन विभागातल्या प्रत्येक डॉक्टरला ही पाच मिनिटांची कृती हाताने करता यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

वरवरच्या जखमा

रोज सर्वांत जास्त दिसतात त्या याच: ओरखडा, कचरा, कुसळ. निळ्या उजेडात रंग टाकला की ओरखडा हिरवा चमकतो. उभे, समांतर बारीक ओरखडे दिसले तर वरच्या पापणीच्या आत कण चिकटलेला असतो आणि दर उघडझापीला कॉर्निया खरवडत असतो. पापणी उलटून तो पुसला की माणसाचा चेहराच बदलतो. डोळ्यावर पट्टी बांधल्याने ओरखडा लवकर भरत नाही, हे आता पक्कं माहीत आहे.

दोन माणसांचा ओरखडा मात्र साधा समजू नका. झाडाची फांदी, पात किंवा कुसळ लागलेल्याला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो लगेच नव्हे, काही दिवसांनी हळूहळू वर येतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला जंतूंचा संसर्ग एका दिवसात कॉर्निया पोखरू शकतो. दोघांनाही स्टेरॉइडचे थेंब तपासणीशिवाय घालणं धोक्याचं. दुखणं थांबवणारे बधिरतेचे थेंब घरी घेऊन जाणंही तसंच. त्यांनी वेदना जाते आणि कॉर्निया भरायचा थांबतो.

वेल्डिंगचा उजेड लागलेल्याला दिवसभर काही वाटत नाही, सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होऊन तो उठतो. एक-दोन दिवसांत ते बरं होतं. ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलेल्याला मात्र अजिबात दुखत नाही आणि नजरेच्या मधोमध डाग राहून जाऊ शकतो.

पापणी फाटली असेल तर आतला कोपरा नीट बघावा, अश्रू वाहून नेणारी नळी तिथेच असते. जखमेत पिवळी चरबी दिसली तर घाव खोबणीपर्यंत गेलाय. आणि पापणीवरच्या प्रत्येक घावाखाली डोळाही तपासायचा असतो.

आत राहिलेला कण, आणि दुसरा डोळा

आता तो हातोडा-छिन्नीवाला माणूस. त्याच्या डोळ्यातला कण लोखंडाचा असेल तर तो गंजतो, आणि तो गंज महिन्या-वर्षांत पडद्याच्या पेशी मारतो. शुद्ध तांबं असेल तर काही तासांत डोळा सुजून पेटतो. काच आणि काही प्लास्टिकं मात्र निपचित पडून राहतात. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले आणि तिथे शांत राहिले, हे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने टिपलं. त्यातूनच १९४९ मध्ये त्यांनी मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायचं पहिलं कृत्रिम भिंग घडवलं. कण शोधायला सीटी स्कॅन. धातूची शंका असताना एमआरआय कधीच नाही, त्या चुंबकात लोखंडाचा कण हलतो आणि वाटेतलं सगळं फाडतो.

लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, वडिलांच्या कारखान्यात आरी लागून त्याचा एक डोळा जायबंदी झाला. पाच वर्षांचा होईपर्यंत तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला होता. एका डोळ्याची उघडी जखम क्वचित दुसऱ्या, न दुखावलेल्या डोळ्यातही दाह पेटवते, आणि त्याच्या बाबतीत तेच झालं असावं असं बरेच जण मानतात. बहुतेक वेळा हे पहिल्या वर्षभरात होतं, पण त्यानंतरही होऊ शकतं. म्हणून डोळा फुटलेल्या माणसाला चांगल्या डोळ्याबद्दलही सांगून ठेवावं लागतं: त्यात लाली, उजेडाचा त्रास, धूसरपणा, काहीही जाणवलं तर त्याच दिवशी दाखवायचं. वेळेवर उपचार झाले तर तो डोळा वाचवता येतो.

लहान मुलाचा डोळा शस्त्रक्रियेने सावरला तरी काम अर्धंच झालेलं असतं. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो, आणि धूसर दिसणाऱ्या डोळ्याकडे तो दुर्लक्ष करायला लागतो. चष्मा आणि चांगला डोळा ठरावीक वेळ झाकून ठेवणं, हे महिनोन्‌महिने चालवावं लागतं. मोठ्यांच्या बाबतीत चेंडूचा मार विसरला जातो, कारण डोळा बरा दिसतो. पण ज्याच्या डोळ्यात मारामुळे एकदा रक्त साचलं होतं, त्याच्या डोळ्यातला पाणी वाहून जायचा कोपरा आतून फाटलेला असू शकतो आणि वीस वर्षांनीही तिथे काचबिंदू होऊ शकतो, न दुखता, न लाल होता. अशा माणसाने दरवर्षी डोळ्याचा दाब मोजून घ्यायचा, आणि डॉक्टरांना तो जुना मार आठवणीने सांगायचा.